केसपेपरवर ‘एफ ६४’ लिहून आलं, तर काय करायचं

‘एफ ६४’ म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख जुळत नाही, त्याचा कोड. तो लिहिलेला केसपेपर हातात पडला की लोक ठरलेली कामं करतात. मोबाईलवर तो कोड टाकून बघतात. गावातल्या मेडिकलवाल्याला फोटो पाठवतात. मग कागदाची घडी घालून गादीखाली ठेवून देतात आणि वर्षभरानं पुन्हा नवा केसपेपर काढायला रांगेत उभे राहतात. यातलं काहीच करू नका, हे सांगायला लिहितेय.

मी लातूर जिल्ह्यात मानसोपचाराच्या ओपीडीत समुपदेशक आहे. आमच्या बाकड्यावर उदगीर, अहमदपूर, निलंग्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंतची माणसं येऊन बसतात. त्यात अधूनमधून एखादं लेकरू असतं. बारावी झालेलं नाहीतर आयटीआय करणारं. घरानं त्याला पोरगा म्हणून वाढवलेलं असतं आणि ते स्वतःला पोरगी मानत असतं, किंवा याच्या उलट. सोबत बाप असतो, बाप नसला तर मामा. डॉक्टर तपासतात, लिहितात, आणि कागद घेऊन ही माणसं माझ्या टेबलाशी येतात. लेकरू खाली बघत असतं. बाप विचारतो, “मॅडम, डोक्याचंच हाय ना हे?”

हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही. लिहिणाऱ्या डॉक्टरनं कोणतं पुस्तक समोर धरलंय, त्यावर बरंच अवलंबून आहे.

आधी पुस्तक ओळखा

जगात यासाठी दोन मोठी पुस्तकं चालतात. एक जागतिक आरोग्य संघटनेचं, त्याला आयसीडी म्हणतात. त्यात सगळेच आजार आहेत, नुसते मनाचे नाहीत. दुसरं अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचं डीएसएम, ते फक्त मानसोपचाराचं. कागदावर ‘एफ ६४.०’ असेल तर तो आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीतला कोड. ही आवृत्ती १९९० साली मंजूर झाली आणि आमच्याकडे अजून तिचेच कोड लिहिलेले कागद जास्त दिसतात. ‘जेंडर डिस्फोरिया’ (ओळखीच्या तफावतीपायी होणारा त्रास) असे शब्द असतील तर डॉक्टरनं २०१३ सालचं डीएसएम-५ वापरलंय. ‘जेंडर इनकाँग्रुअन्स’ (नुसती तफावत) किंवा ‘एचए ६०’ असेल तर ती आयसीडीची अकरावी आवृत्ती. तिला मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली.

आता गंमत बघा. लेकरू तेच, तक्रार तीच. १९८० च्या डीएसएममध्ये तिचं नाव ‘ट्रान्ससेक्शुॲलिझम’. १९९४ च्या डीएसएममध्ये ‘जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर’, म्हणजे ओळखच बिघडलेली. २०१३ मध्ये ‘डिसऑर्डर’ हा शब्द नावातून गेला आणि राहिला तो त्रास, पण पुस्तक मानसोपचाराचंच. आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत हे सगळं ‘एफ’ प्रकरणात आहे, म्हणजे मानसिक आणि वर्तनाचे विकार. अकराव्या आवृत्तीत मानसिक विकारांचं प्रकरण सहावं आहे आणि हे त्यात नाहीच. ते उचलून सतराव्या प्रकरणात, लैंगिक आरोग्याच्या स्थितींमध्ये नेऊन ठेवलंय. ‘डोक्याचं हाय का’ याला जागतिक आरोग्य संघटनेचं आजचं उत्तर ‘नाही’ असं आहे. अमेरिकन पुस्तकाचं उत्तर आहे, ओळख हा आजार नाही, तिच्यापायी होणारा त्रास आमच्या कक्षेत येतो. ज्या डॉक्टरकडं गेलात त्यांच्या कपाटात अजून जुनं पुस्तक असेल, तर कागदावर जुनंच उत्तर उतरतं.

आणि ‘एफ’ अक्षराला एवढं भिऊ नका. त्याच प्रकरणात एफ १७ हा तंबाखूचा कोड आहे. एफ १० दारूचा. मोठं झालेलं लेकरू अंथरुणात लघवी करतं आणि त्याला शरीराचं कारण सापडत नाही, तर तेही एफ ९८ मध्ये. एक मामा माझ्यासमोर तळहातावर चुना मळत “आमच्या खानदानात असलं डोक्याचं कुणाला नव्हतं” म्हणत होते, तेव्हा मी त्यांना एफ १७ दाखवला. हसले, पण मळायचं थांबवलं नाही.

आयसीडीत कोड असणं म्हणजे आजारी असणं, हेही खरं नाही. साप चावला तर कोड आहे, विंचू चावला तर कोड आहे, सरळ बाळंतपणालाही ओ ८० आहे. बाळंतीण आजारी आहे असं कुणी म्हणत नाही, पण कोडाशिवाय तिचा कागद पुढं सरकत नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा, ती म्हणजे आकडे. एफ ६४ आणि एफ ६५ शेजारी आहेत, पण एफ ६५ म्हणजे लैंगिक पसंतीचे विकार, ते सर्वस्वी वेगळं प्रकरण. एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया. गर्दीच्या ओपीडीत लिहिताना एखादा आकडा चुकतो आणि तो चुकलेला आकडा पुढच्या दहा कागदांवर उतरत जातो. दारातून बाहेर पडण्याआधी विचारा, “सर, हा कोड कशाचा?” शंका आली तर तिथंच दुरुस्त करून सही घ्या. घरी गेल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा एसटी, पुन्हा रजा.

त्रास कुणाचा आणि कशामुळं

डीएसएम-५ प्रमाणे डिस्फोरिया लिहायला दोन गोष्टी लागतात. जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख यांत ठळक तफावत, ती किमान सहा महिने टिकलेली. आणि त्या तफावतीपायी होणारा असा त्रास, की अभ्यास, काम, माणसांत मिसळणं यांवर परिणाम होतो. नुसती तफावत असली आणि माणूस मजेत असला, तर हे निदान बसत नाही.

नुसत्या कपड्यांवरून, चालीवरून तर कोणत्याच पुस्तकात बसत नाही. अकराव्या आयसीडीत हे स्पष्ट लिहिलंय, की वेगळं वागणं आणि वेगळ्या आवडी एवढ्यावर निदान करू नये. तुळजापूरला नवरात्रात लुगडं नेसून, कवड्यांची माळ घालून परडी घेतलेला पुरुष आराधी आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय, पाया पडतोय. त्याला कुणी एफ ६४ म्हणत नाही, म्हणूही नये. तोच माणूस आश्विन सरल्यावर तसाच बाजारात आला की मात्र लोकांना डॉक्टर आठवतो.

त्रास म्हणजे काय, ते एका लेकराचं सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव-नाव गाळलंय. घरी पोरगी म्हणून वाढलेलं, स्वतःला मुलगा म्हणवणारं. आईची तक्रार एवढीच, की उन्हाळ्यातही दोन-दोन शर्ट घालतं आणि न्हाणीत दिवा लावू देत नाही. खोलीतून आईला बाहेर बसवलं, नर्सताईंना बोलावलं, तेव्हा कळलं की त्यानं छातीला क्रेप बँडेज आवळून बांधलंय. पाय मुरगळल्यावर बांधतात ते, वर सेफ्टी पिना. सोडलं तर बरगड्यांवर लाल-काळे वळ, काखेत घामोळं चिघळलेलं. श्वास घेताना दुखतं म्हणून ते पोलिस भरतीच्या सरावाला जायचं बंद झालं होतं. पाळीच्या चार दिवसांत जेवायचंही नाही, कारण जेवलं की शौचाला जावं लागतं आणि शौचाला गेलं की अंग दिसतं. याला म्हणतात त्रास. कोड नंतर. त्या दिवशी पहिलं काम बँडेज सोडणं हेच होतं. तुमच्या घरी असं होत असेल तर क्रेप बँडेज अजिबात वापरू देऊ नका, हालचालीबरोबर ते आणखी आवळत जातं. घट्ट बसणारी स्पोर्ट्‌स बनियन त्यापेक्षा पुष्कळ बरी, आणि तीही झोपताना काढायची.

पण याच लेकराला दुसरा एक त्रास होता. कॉलेजात पोरं शिट्ट्या मारायची. चुलता म्हणायचा, उसाच्या फडात नेऊन सरळ करतो. मोठ्या भावानं मोबाईल फोडला. आता सांगा, हा त्रास कुणाच्या केसपेपरवर लिहायचा?

जगभर चाललेला वाद नेमका इथं आहे. एक बाजू म्हणते, त्रास समाज देतो आणि निदान माणसाच्या माथी मारता, तेव्हा हे पान पुस्तकातून फाडूनच टाका. मेक्सिको सिटीत २५० ट्रान्सजेंडर माणसांशी बोलून केलेला अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. त्यात असं दिसलं, की या माणसांच्या त्रासाचा आणि अडलेल्या आयुष्याचा संबंध त्यांच्या ओळखीपेक्षा त्यांना मिळालेल्या झिडकारण्याशी आणि मारहाणीशी जास्त लागतो. अकराव्या आयसीडीच्या तयारीत या अभ्यासाचा मोठा आधार झाला. त्या आवृत्तीत ‘त्रास असलाच पाहिजे’ ही अट मोठ्यांच्या निदानातून गेली. दुसरी बाजू म्हणते, पान फाडलं तर हार्मोन देणाऱ्या डॉक्टरनं कशाच्या आधारावर लिहायचं, विम्याचा क्लेम कोणत्या नावानं टाकायचा, रजेच्या अर्जावर कारण काय द्यायचं? म्हणून ते पान ठेवलं, फक्त प्रकरण बदललं.

माझं मत विचाराल तर प्रकरण बदललं ते उत्तम झालं आणि पान ठेवलं तेही बरं झालं. सरकारी दवाखान्यात कोडाशिवाय पुढच्या खोलीचं दार उघडत नाही. पुण्या-मुंबईत बसून ‘लेबल नको’ म्हणणं सोपं आहे. औशाहून निघालेल्या माणसाला ते लेबल दाखवूनच आत जावं लागतं.

कागद कशासाठी पाहिजे, ते घरूनच ठरवून निघा

सगळ्यात जास्त फेऱ्या इथं वाया जातात. लोक ‘सर्टिफिकेट पाहिजे’ म्हणून येतात. कोणतं, ते माहीत नसतं.

ओळखपत्रासाठी पाहिजे असेल तर ते काम मानसोपचाराच्या ओपीडीचं नाही, जिल्हाधिकारी कार्यालयाचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं, की स्वतःची लिंगओळख ठरवायचा हक्क त्या माणसाचाच, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. मग ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला आणि २०२० चे नियम. त्या नियमांत अर्ज आणि शपथपत्र यांवर जिल्हाधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र द्यावं, वैद्यकीय तपासणी मागू नये, असं होतं. शस्त्रक्रिया झाल्यावर पुरुष किंवा स्त्री अशी नोंद करून घ्यायला मात्र दवाखान्याचं प्रमाणपत्र ठेवलं होतं. या कायद्या-नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन आज काय लागू आहे ते विचारा आणि लागणाऱ्या कागदांची यादी लेखी मागा. तोंडी यादी प्रत्येक टेबलावर वेगळी निघते. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र लागतं असं कुणी म्हणालं, तर ‘कोणत्या नियमात’ एवढं शांतपणे विचारा. भांडू नका. विचारा आणि उभे राहा.

हार्मोन सुरू करायचे असतील तर मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र लागतं, आणि मग एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे ग्रंथींचे डॉक्टर. ते तालुक्याला मिळत नाहीत. आमच्याकडची माणसं संभाजीनगर, सोलापूर, पुणे, नाहीतर हैदराबाद गाठतात. या पत्रात निदान, किती दिवसांपासून ओळख आहे, दुसरा कोणता आजार चालू आहे का, आणि माणूस स्वतःच्या समजुतीनं संमती देतोय, एवढं असलं पाहिजे. ‘टू हूम इट मे कन्सर्न’ लिहून खाली दोन ओळी, असलं पत्र पुढचा डॉक्टर परत पाठवतो. निघायच्या आधी त्या डॉक्टरच्या रिसेप्शनला फोन करून पत्रात काय पाहिजे ते विचारा.

मेडिकलवरून परस्पर गोळ्या घेऊ नका. पोरी होऊ बघणारी लेकरं गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं खातात, ऐकीव माहितीवर. त्यानं पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं जिममधल्या पोराकडून घेतली तर रक्त घट्ट होतं, त्यावर लक्ष ठेवायला दर काही महिन्यांनी हिमोग्लोबिन बघावं लागतं. जिमवाला ते बघत नाही.

“त्या पोलिसासारखं ऑपरेशनच करून टाका की,” असंही ऐकू येतं. बीड जिल्ह्यातल्या एका शिपायाची शस्त्रक्रिया २०१८ मध्ये मुंबईच्या सरकारी रुग्णालयात झाली, ती बातमी घराघरात पोचली. चांगलं झालं, निदान लोकांना कळलं की असं असतं आणि खाकी वर्दीतल्या माणसालाही असतं. पण त्यांच्या शरीराची गोष्ट त्यांची. तुमच्या लेकराला ऑपरेशन पाहिजे का, हे आधी लेकराला विचारा. कित्येकांना नको असतं.

डॉक्टरच्या खोलीत

आत जाताना लेकराला आधी एकट्याला बोलू द्या. बापासमोर एकोणीस वर्षांचं पोर ‘काही नाही, झोप येत नाही’ एवढंच सांगतं आणि झोपेची गोळी घेऊन परत जातं. अठरा पूर्ण असतील तर तो त्याचा हक्कच आहे.

कागदावर एफ ६४ च्या शेजारी एफ ३२ असू शकतं, ते नैराश्य. दोन कोड आले म्हणून घाबरू नका, पण दोन्हींचं औषधपाणी वेगवेगळं आहे हे समजून घ्या. नैराश्याच्या गोळीनं झोप लागेल, भूक लागेल, मरायचे विचार कमी होतील. पोरगी पुन्हा ‘पोरासारखी वागायची थांबेल’ म्हणून ती गोळी देत असाल, तर ते होणार नाही. आणि ‘आम्ही काय येडे हाव का’ म्हणून ती गोळी मधेच बंदही करू नका.

जिवाचं बरंवाईट करायची भाषा निघाली तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा सरकारी नंबर, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी कुलपात घाला, नाहीतर शेजाऱ्याकडं ठेवायला द्या.

कुणी डॉक्टर म्हणाला ‘सहा महिने पाठवा, सरळ करून देतो’, तर उठा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असल्या उपचाराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. मद्रास उच्च न्यायालयानं त्याआधी २०२१ मध्ये तसं करायला बंदी घातली, त्यातूनच ते आलं. देवऋषाला हा नियम लागू नाही, पण त्याच्याकडं कोंबडं, लिंबू आणि भाडं धरून जेवढा खर्च होतो तेवढ्यात हैदराबादची एक खेप होते. आणि ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधरंल’ असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की दुसऱ्याच्या घरची पोरगी काय औषधाची बाटली आहे का?

‘येडं ठरवून वाटा काढतील’

ही भीती पुण्यातल्या लेखांत कुठं वाचायला मिळणार नाही, पण माझ्या टेबलावर ती रोज असते. लेकरू म्हणतं, निदान लिहू नका, चुलते सातबाऱ्यावरून नाव काढतील. बाप म्हणतो, मानसिक रुग्णाची सही वाटणीत चालत नाही म्हणतात. भीती खोटी नाही. भावकीत वाद असला की असल्या कागदाचं हत्यार होतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली आला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम ३ झेरॉक्स काढून फाईलला लावून ठेवा. त्यात लिहिलंय, की समाजाच्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक चालीरीतींशी किंवा धार्मिक समजुतींशी जुळत नाही एवढ्यावरून कुणालाही मानसिक आजारी ठरवता येणार नाही. निदान करताना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्य निकष धरायचे, आणि त्यात आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचा उल्लेख आहे. आणि आपल्या कामाचं सगळ्यात मोठं वाक्य शेवटी येतं: एखाद्याला मानसिक आजार आहे असं ठरलं, तरी तेवढ्यावरून तो ‘अनसाऊंड माइंड’चा, म्हणजे कायद्याच्या लेखी वेडा आहे असं होत नाही, ते सक्षम न्यायालयानं जाहीर करावं लागतं. म्हणजे एफ ६४ च काय, एफ २० असलं तरी चुलत्याला परस्पर काही ठरवता येत नाही. तलाठ्यालाही नाही.

त्याच कायद्यानं माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी दवाखान्यावर टाकलीय (कलम २३) आणि स्वतःचे वैद्यकीय कागद मागायचा हक्क माणसाला दिलाय (कलम २५). नातेवाईक येऊन ‘आमच्या पुतण्याचं काय निघालं’ विचारतात, तेव्हा आम्ही सांगत नाही. तुम्हीही भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केसपेपरचा फोटो टाकू नका. ‘सगळ्यांना समजावं म्हणून’ टाकलेला फोटो कोर्टात निशाणी म्हणून आलेला मी बघितलाय.

पारावर वाद निघाला तर

एक मुद्दा नक्की येतो: “ही पुस्तकं मतदान घेऊन बदलतात, त्यात कसलं आलंय शास्त्र?” हा मुद्दा उडवून लावू नका, त्यात थोडं तथ्य आहे. समलैंगिकता अमेरिकन यादीतून १९७३ मध्ये निघाली, तेव्हा आतल्या डॉक्टरांनीच आक्षेप घेतला आणि पुढच्या वर्षी खरोखर मतदान झालं. निर्णय कायम राहिला. जागतिक आरोग्य संघटनेनं ती १९९० मध्ये काढली. आपल्याकडं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा निकाल सप्टेंबर २०१८ चा, आणि त्याच्या थोडं आधी इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनंही हा आजार नाही असं जाहीर केलं. पण मतदानाच्या आधी पुरावा होता. समलैंगिक माणसं इतरांसारखीच नोकरी करतात, संसार करतात, चाचण्यांत वेगळी दिसत नाहीत, हे अभ्यासांतून समोर आलं होतं.

मग कुणी हुशार विचारतो, “ते काढलं तर हेही पूर्ण का काढत नाही?” प्रश्न बरोबर आहे. समलैंगिक माणसाला दवाखान्याकडून काहीच नको असतं. ट्रान्स माणसाला कधी हार्मोन पाहिजेत, कधी शस्त्रक्रिया, कधी नुसतं पत्र. फरक एवढाच आहे. डेन्मार्कनं २०१७ च्या सुरुवातीलाच आपल्या मानसिक आजारांच्या यादीतून हे काढलं, पण उपचाराची सोय ठेवून.

लहान लेकरांचा विषय निघाला तर आवाज खाली घ्या. तिथं जाणती माणसंही एकमेकांशी भांडतायत. अकराव्या आयसीडीत वयात येण्याआधीच्या मुलांसाठी एचए ६१ असा वेगळा कोड आहे, सुमारे दोन वर्षं टिकलेली तफावत असावी अशी अट घालून. अनेक ट्रान्स संघटनांचं म्हणणं होतं, की त्या वयात औषध द्यायचंच नाही तर कोड कशाला? इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ मध्ये कॅस अहवाल आला, अशा लेकरांच्या उपचारांची तपासणी करणारा. वयात येणं थांबवणाऱ्या औषधांचा पुरावा कमकुवत आहे, असं त्यात म्हटलं, आणि तिथल्या सरकारी आरोग्य सेवेनं ती औषधं नेहमीच्या वापरातून आधीच काढली होती. अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय संघटनांची भूमिका तेव्हा वेगळी होती. हा वाद औषधांचा आहे. ‘असं काही नसतंच’ असं कॅस अहवालातही नाही, हे पारावर ठणकावून सांगा.

माझ्याकडं दहा वर्षांचं पोर बांगड्या घालतं म्हणून आणलं, तर मी डॉक्टरांना कोड लिहायची घाई करू नका म्हणते. त्या वयाला कोड लागत नाही. गुरुजींना भेटावं लागतं, वर्गातली चिडवाचिडवी थांबवावी लागते, आणि बापाला सांगावं लागतं की पट्ट्यानं मारून बांगड्यांची आवड जात नाही, फक्त ती लपते.

फाईल

प्लॅस्टिकची, बटणाची घ्या, पावसात भिजत नाही. वर आधार, त्याखाली टी.सी., मग केसपेपर तारखेप्रमाणं, ताजा वर. प्रत्येक कागदावर नाव कसं लिहिलंय ते तपासा. लेकरू नवं नाव वापरत असेल तर डॉक्टरांना विनंती करून ‘आधारवरचं नाव, उर्फ वापरातलं नाव’ असं दोन्ही लिहून घ्या, नाहीतर उद्या नाव बदलताना कागद कुणाचा हे सिद्ध करत बसाल. गॅझेटमध्ये नाव बदलायचं असेल तर त्याआधीच्या सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा. मूळ कागद कुणालाच देऊ नका, टेबलावरचा माणूस कितीही घाईत असला तरी.

केसपेपर संपत आला की नव्यावर जुना नंबर टाकून घ्या. नाहीतर नवे डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून विचारतात आणि लेकराला सगळं पुन्हा सांगावं लागतं. आणि सोमवारी येऊ नका. रविवारच्या सुट्टीची सगळी गर्दी सोमवारी असते, धड बोलायलाही होत नाही.